शिक्षकांचा आवाज : गुळण्यांआधी वर्गाकडे बघा

जूनच्या मध्यात शाळा उघडतात आणि श्रावण लागेपर्यंत स्टाफरूममध्ये एक तक्रार ठरलेली असते : घसा धरलाय, आवाज बसलाय, शेवटच्या तासाला शब्दच फुटत नाही. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, ज्येष्ठमधाची काडी चघळली जाते, मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या येतात. रविवारी थोडे बरे वाटते आणि सोमवारपासून पुन्हा तेच. ज्यांना हे वर्षानुवर्षे होते ते शिक्षक बहुतेक चारच गोष्टी विचारतात. ही ॲलर्जी आहे का? खडूच्या धुळीने होते का? कॅन्सर तर नाही ना? आणि रजा मिळेल का? चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : बिघाड नेमका कुठे आहे आणि त्या जागेवर भार कशाचा पडतो आहे? बहुसंख्य शिक्षकांच्या बाबतीत उत्तर असे निघते की हा संसर्ग नाही, कामाच्या भाराने झालेली दुखापत आहे. हे एकदा मान्य केले की औषध कधी घ्यायचे, तपासणी कधी करायची, मुख्याध्यापकांकडे काय मागायचे, हे सगळे निर्णय वेगळे होतात.

बिघाड घशात की स्वरयंत्रात?

तोंड उघडून आरशात दिसतो तो घशाचा मागचा भाग. तिथे सूज आली की गिळताना दुखते, खवखवते, कधी ताप येतो, मानेत अवधाण येते. आवाज मात्र तिथे तयार होत नाही. तो त्याच्या खाली, मानेच्या पुढच्या उंचवट्यामागे असलेल्या स्वरयंत्रात तयार होतो. तिथे दोन नाजूक स्वरपट्ट्या असतात. श्वास बाहेर पडताना त्या एकमेकींवर आपटतात आणि त्यातून आवाज निघतो. गुळणीचे पाणी या पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचले तर जोराचा ठसका लागेल, कारण तो श्वासनलिकेचा दरवाजा आहे. म्हणजे खवखवणाऱ्या घशाला गुळण्यांनी आराम पडतो, बसलेल्या आवाजाला त्यांचा थेट उपयोग नाही. दोन्ही तक्रारी एकत्र येऊ शकतात, आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते.

स्वरपट्ट्यांना किती राबावे लागते हे एकदा आकड्यांत पाहा. साधे बोलताना स्त्रियांच्या स्वरपट्ट्या सेकंदाला सुमारे २०० वेळा आणि पुरुषांच्या साधारण १०० ते १२५ वेळा एकमेकींवर येतात. एखाद्या शिक्षिकेच्या दिवसभराच्या तासांतले थांबे, फळ्यावरचे लेखन, मुलांची उत्तरे वगळून निव्वळ दीड तास जरी स्वर निघत असला, तरी एका दिवसात १० लाखांहून अधिक आघात होतात. आवाज चढवला की आघातांची संख्या आणि जोर, दोन्ही वाढतात. स्त्रियांच्या पट्ट्या आखूड असतात आणि आघात झेलणारा त्यांचा मऊ थरही तुलनेने कमी भरीव असतो. त्यामुळे प्राथमिक शाळेतल्या बाईंना हा त्रास जास्त होतो, यात नवल नाही आणि त्यांचा काही दोषही नाही. रोज कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडावेत तसे या पट्ट्यांच्या सर्वाधिक आपटणाऱ्या जागी, दोन्ही बाजूंना समोरासमोर, घट्टे पडतात. डॉक्टर त्यांनाच स्वरपट्टीवरच्या गाठी म्हणतात. ‘गाठ’ ऐकून घाबरू नका. या गाठी कॅन्सरच्या नसतात आणि भार कमी केला तर त्यातल्या बऱ्याच ओसरतात.

हा भार व्यवसायाचाच आहे, याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत १,२४३ शिक्षक आणि १,२८८ इतर व्यवसायांतले लोक यांची तुलना करणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झाल्याचे ५७.७ टक्के शिक्षकांनी सांगितले. इतरांमध्ये हे प्रमाण २८.८ टक्के होते. विचारले त्या दिवशी त्रास असलेले शिक्षक ११ टक्के होते, इतर ६.२ टक्के. दोन्ही गट त्याच दोन राज्यांतले होते. ठळक फरक होता तो कामाचा.

तुमच्या बाबतीत हेच आहे का, याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. दोन आठवडे सकाळी उठल्यावर आणि शाळा सुटल्यावर एकच वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पुढे तारीख लिहा. सकाळी बरा असलेला आवाज संध्याकाळी बिघडत असेल, रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत सुधारत असेल, तर भाराकडे बोट जाते. सकाळी उठताना सर्वांत वाईट आणि दिवस चढेल तसा मोकळा होत असेल, तर रात्रीचे उशिराचे जेवण आणि पित्त वर येणे यांचा विचार करावा. ताप, सर्दी, अंगदुखी यांच्यासोबत बसला आणि आठ-दहा दिवसांत सुटला, तर तो साधा विषाणूचा संसर्ग. आणि सुट्टी असो वा नसो, आवाज सतत बिघडतच चालला असेल, तर अंदाज बांधत बसू नका, पुढचा भाग वाचून थेट तपासणीला जा.

कोणती चिन्हे दिसली तर थांबायचे नाही

भार कमी करण्याच्या सगळ्या सल्ल्याआधी ही यादी येते, कारण बसलेल्या आवाजामागे क्वचित गंभीर आजारही असतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाज चार आठवड्यांत सुटला नाही, तर स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिले गेलेच पाहिजे. पुढीलपैकी काही असेल तर चार आठवडेही थांबू नका :

- श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, धाप लागणे. यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- थुंकीतून रक्त, गिळायला अडचण, पाणी पिताना वारंवार ठसका.
- मानेत गाठ, किंवा एकाच कानात सतत दुखणे.
- विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय, आता असो वा पूर्वीची.
- ओरडताना किंवा जोरात खोकताना आवाज एकाएकी गेला. पट्टीत रक्तस्राव झालेला असू शकतो. बोलणे पूर्ण थांबवून एक-दोन दिवसांत दाखवा.
- थायरॉइड, मान किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर बसलेला आवाज.
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे. स्वरयंत्राचा क्षयही आवाज बसवतो. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

ब्रिटनमध्ये वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज कारण न सापडता बसलेला राहिला, तर त्याला कॅन्सरच्या शक्यतेसाठी तातडीने तज्ज्ञाकडे पाठवतात. आपल्याकडे तंबाखूचे प्रमाण पाहता हा निकष सैल करण्याचे काहीच कारण नाही. “शिक्षक आहे, बोलूनच बसला असणार” असे म्हणून डॉक्टरांनी न पाहताच सोडून दिले, तर दुसरे डॉक्टर गाठा.

तपासणीला जाताना

कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक लवचीक नळी किंवा तोंडातून दुर्बीण घालून स्वरपट्ट्या पाहतात. बधिर करणारा फवारा मारतात, काही मिनिटांत काम होते, भूल लागत नाही. पट्ट्यांचे कंपन संथ दिसेल अशा चमकत्या प्रकाशात पाहण्याची सोय असेल तर अधिक चांगले. नुसता टॉर्च आणि चमचा वापरून “घसा लाल आहे” एवढेच सांगितले गेले असेल, तर स्वरयंत्राची तपासणी झालेलीच नाही, हे लक्षात ठेवा. आधी पट्ट्या न पाहता अँटिबायोटिक, स्टेरॉइड किंवा केवळ बसलेल्या आवाजासाठी पित्ताच्या गोळ्या देऊ नयेत, असे त्याच २०१८ च्या सूचना सांगतात. तुम्ही विनयाने पण स्पष्ट विचारा : स्वरपट्ट्या दिसल्या का? काय आढळले? फोटो किंवा व्हिडिओ मिळेल का? आणि निदान कागदावर लिहून घ्या. “घसादुखी” असे लिहिलेला कागद पुढे रजेच्या वेळी फारसा उपयोगाचा नसतो. “दोन्ही स्वरपट्ट्यांवर गाठी, आवाजावरील भार कमी करणे आवश्यक” असे लिहिलेला कागद उपयोगी पडतो.

गाठी निघाल्या तर सहसा पहिला उपचार शस्त्रक्रियेचा नसतो, आवाजोपचाराचा असतो. तो देणारे वाक्-श्रवण तज्ज्ञ असतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागातही हे तज्ज्ञ असतात. पट्टीवर पॉलिप (मऊ वाढ) किंवा सिस्ट (पिशवीसारखी गाठ) असेल तर शस्त्रक्रियेची गरज जास्त वेळा पडते. पण तीही करून पुन्हा त्याच वर्गात त्याच पट्टीत ओरडायला लागलात, तर तक्रार परत यायला वेळ लागत नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी वर्गात काय बदलणार, हे ठरवून ठेवा.

खरी लढाई वर्गातल्या गोंगाटाशी

भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. १९११ मध्ये लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी ही गोष्ट नोंदवली आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ही क्रिया इच्छेवर चालत नाही. म्हणून “हळू बोला” हा सल्ला गोंगाटाच्या वर्गात पाळता येत नाही आणि न पाळल्याबद्दल शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलेल्या मर्यादेनुसार तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर असू नये आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आसपास असावा. शिवाय मुलांना नीट कळायला शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर लागतो. आता हिशेब करा. साध्या संभाषणाचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबलच्या घरात असतो आणि अंतर वाढेल तसा उतरतो. वर्गात नुसती कुजबुज, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वाहने मिळून गोंगाट ५५-६० झाला, तर शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या कानाशी ७० ते ७५ डेसिबल पोहोचवायला तुम्हाला ओरडावेच लागते. पत्र्याच्या छपराखाली जुलैचा पाऊस सुरू झाला तर प्रश्नच मिटला, त्या वर्गात कोणाचाही आवाज पुरणार नाही.

तुमच्या वर्गाची स्थिती समजून घ्यायला महागडे यंत्र नको. मधल्या सुट्टीनंतर मुले बसलेली असताना, खिडक्या रोजच्यासारख्या उघड्या ठेवून, तुम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि एखाद्या मुलाला फळ्यापाशी उभे करून नेहमीच्या आवाजात धडा वाचायला सांगा. कोणते शब्द कानावर पडत नाहीत ते लिहून घ्या. मग रस्त्याकडची खिडकी बंद करून पुन्हा ऐका. मोबाइलमधले डेसिबल मोजणारे ॲप अचूक नसते, पण दोन स्थितींतला फरक दाखवायला आणि मुख्याध्यापकांसमोर ठेवायला पुरेसे असते.

बदल पैशांच्या उतरत्या क्रमाने नव्हे, फायद्याच्या क्रमाने करावेत. सर्वांत जास्त फायदा मुलांच्या जवळ जाण्यात आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की तोच आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. वर्गाच्या चार भिंतींत फरक थोडा कमी पडतो, तरी तो फुकट मिळतो. त्यामुळे फळा सोडून बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहून शिकवा. फळ्यावर लिहिताना बोलू नका. तोंड भिंतीकडे असताना मुलांपर्यंत पोहोचायला जास्त जोर लागतो. शांत करण्यासाठी आवाजाचा वापर बंद करा : टाळीचा ठरलेला ठेका, टेबलावरची घंटी, वर केलेला हात, काहीही चालेल, पण ते रोज तेच हवे. मैदानावर शिट्टी वापरा आणि परिपाठाला शाळेचा माईक. जोराचा पाऊस येताच लेखनाचे काम द्या, ते आधीच काढून ठेवा. बाकांच्या पायांना रबरी टोप्या, जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीवर जाड कापडाचा फलक यांनी घुमणे कमी होते. लहान शाळेत हा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून किंवा लोकसहभागातून शाळा व्यवस्थापन समितीला सहज उचलता येतो. पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेने दोन्ही इयत्तांना आळीपाळीने मूक काम द्यायचे वेळापत्रकच बनवून ठेवावे, कारण एकाच वेळी दोन वर्गांना ऐकू जाईल असे बोलणे हा त्या पट्ट्यांवरचा दुहेरी भार आहे.

बाहेरच्या गोंगाटाबद्दलही एक मार्ग आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. तुमच्या शाळेचा परिसर तसा जाहीर झाला आहे का, हे नगरपालिका किंवा पोलिसांकडे लेखी विचारा. झाला असेल तर शेजारच्या मंडपातल्या भोंग्याची तक्रार शाळेच्या लेटरहेडवर करता येते.

माईक लावायचा का?

लावा. कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक आणि तोंडाजवळचा माईक हल्ली साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळतो. या एका वस्तूबद्दल पुरावाही नेटका आहे. आवाज बिघडलेल्या ४४ शिक्षकांचे तीन गट करून केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा आठवडे असा ध्वनिवर्धक दिला, दुसऱ्याला पाणी प्या, ओरडू नका, खाकरू नका अशी आवाजाची पथ्ये शिकवली, तिसऱ्याला काहीच दिले नाही. ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. पथ्याच्या गटात म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही आणि काहीच न मिळालेल्यांचा त्रास वाढला. प्रयोग लहान होता हे खरे, पण त्याचा रोख स्वच्छ आहे : पथ्य सांगून भार हलका होत नाही, भार उचलणारे साधन दिले की होतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की जुने गुरुजी साठ-साठ मुलांना माईकशिवाय शिकवायचे. शिकवायचे, पण त्यांच्यातल्या किती जणांचा आवाज निवृत्तीआधीच घोगरा झाला होता याची नोंद कोणी ठेवली नाही. शिवाय तेव्हाच्या कौलारू शाळेच्या दारातून आजच्यासारखी वाहने जात नव्हती आणि वर्गाला चकचकीत फरशा नव्हत्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, असे प्रमाण ठरवले आहे. त्यापेक्षा मोठा वर्ग असेल तर हा आवाजाचाही प्रश्न आहे, असे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जरूर मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

दुसरा आक्षेप शेजारच्या वर्गाला त्रास होण्याचा. ध्वनिवर्धक मोठा लावला तर तो खरा ठरेल. पण त्याचा उपयोग वर्ग दणाणून सोडण्यासाठी नाही. घरी जेवताना बोलता त्या आवाजात बोलायचे आणि ते मागच्या बाकापर्यंत जाईल इतकेच बटण फिरवायचे. पहिल्या आठवड्यात जुन्या सवयीने आवाज चढतोच. मागच्या बाकावरच्या एका मुलाला हात वर करून खूण करायला सांगून ठेवा. तिसरी शंका मनातली असते : माईक लावला तर लोक म्हणतील बाईंना जमत नाही. चष्मा लावणाऱ्याला कोणी तसे म्हणत नाही. संकोचापायी दहा-पंधरा वर्षे राबायचा आवाज घालवू नका.

घरच्या उपायांतले ठेवायचे काय

पाणी प्यायलेच पाहिजे, पण ते पट्ट्यांना वरून ओले करत नाही. शरीरात मुरून काही काळाने त्यांना ओलावा पोचवते. त्यामुळे तास सुरू झाल्यावर घोटभर पाण्यापेक्षा सकाळपासूनचे पाणी महत्त्वाचे. इथे एक कटू गोष्ट बोलायलाच हवी. शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नाही म्हणून असंख्य शिक्षिका सहा-सात तास पाणीच पीत नाहीत. त्यांना पाण्याचा उपदेश करण्याआधी स्वच्छतागृहाला कडी आणि नळाला पाणी आहे का, हे बघणे मुख्याध्यापकांचे काम आहे.

वाफ, कोमट पाणी, मध यांनी आराम वाटत असेल तर खुशाल घ्या. ज्येष्ठमध मात्र रोज भरपूर चघळू नका. त्यातल्या एका घटकाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळावाच. पुदिन्याच्या झणझणीत गोळ्या त्रास झाकतात आणि मग आपण अधिकच बोलत सुटतो. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा पाडतात. सारखे खाकरणे म्हणजे पट्ट्यांवर जोराचा आघात, त्याऐवजी आवंढा गिळा. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणे ही विश्रांती नाही, बऱ्याच जणांचा ताण त्याने वाढतो. कमी बोला, पण जे बोलाल ते मऊ आणि नेहमीच्या आवाजात बोला. खडूच्या धुळीने खोकला येतो आणि खोकल्याने पट्ट्या दुखावतात, म्हणून ओले डस्टर वापरा. धूळ हे मुख्य कारण मात्र क्वचितच असते.

एक व्यायाम असा आहे की तो दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांतही होतो. अर्धा पेला पाणी घ्या, त्यात साधी स्ट्रॉ दोन बोटे बुडेल एवढी धरा आणि ओठ घट्ट मिटून स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. गाल सैल, खांदे खाली. आवाज हळूच खालून वर आणि वरून खाली न्या. एक-दोन मिनिटे पुरे. समोरून येणाऱ्या पाण्याच्या दाबामुळे पट्ट्या जोराने न आपटता हलक्या स्पर्शाने हलतात. दुखले किंवा चक्कर आली तर थांबा. पूर्ण आवाजोपचाराची जागा हा व्यायाम घेत नाही.

रजा, कामातला बदल आणि हक्क

मन वळवण्यापेक्षा कागद बोलू द्या. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात असते, म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडेच. नमुना असा चालेल : “माझ्या स्वरपट्ट्यांवर गाठी असल्याचे सोबतच्या अहवालात नमूद आहे. तज्ज्ञांनी आवाजावरील भार कमी करण्यास सांगितले आहे. तरी पुढील आठ आठवडे सलग दोनपेक्षा जास्त तास देऊ नयेत, परिपाठ व मैदानावरील सूचनांचे काम अन्य सहकाऱ्याकडे द्यावे आणि वर्गात ध्वनिवर्धक वापरण्यास परवानगी द्यावी, ही विनंती.” दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तोंडी होकाराची नोंद कुठेच राहत नाही.

रजा लागलीच तर शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या कायम शिक्षकांच्या खात्यावर वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. खासगी शाळेत पगाराच्या पावतीवर राज्य कामगार विम्याची कपात दिसत असेल, तर विमा डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतनाइतका आजारपणाचा लाभ मागता येतो. त्यासाठी वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले असावे लागतात.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ बद्दल गैरसमज फार आहेत. गाठी किंवा वरचेवर बसणारा आवाज म्हणजे या कायद्यातले वाचा-दिव्यांगत्व नाही. स्वरयंत्र काढावे लागणे किंवा मेंदूच्या आजाराने वाचा जाणे, अशी कायमची हानी त्यात येते. पण तशी वेळ आलीच, तर कलम २० चे संरक्षण मोठे आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्या कामाला तो योग्य उरला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा, पदावर ठेवावे लागते. कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, त्यामुळे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला “हे सरकारी नोकरांपुरते आहे” असे सांगितले तर ते मान्य करू नका. दाद राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्यात मागता येते.

आपल्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे, आवाजाचा बिघाड नाही. पोलंडमध्ये दीर्घकाळच्या आवाजाच्या श्रमाने झालेला विकार व्यावसायिक आजार म्हणून मान्य होतो. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये कामाशी संबंधित आवाजाच्या विकारासाठी स्वतंत्र कार्यपद्धती प्रसिद्ध केली. शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रात वेतन आणि बदल्यांच्या शेजारी हा मुद्दा यायला हवा, आणि तो मांडायला तुमचे अहवाल, तारखा आणि अर्जांच्या प्रती हाच आधार असेल.

तासिका तत्त्वावर असाल तर

तासिका किंवा कंत्राटी तत्त्वावरच्या शिक्षकाला न शिकवलेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत. त्याला “महिनाभर बोलू नका” हा सल्ला देणे निरर्थक आहे. तुम्ही आठवड्यातले बोलण्याचे सगळे तास एका कागदावर मांडा : शाळा, संध्याकाळची शिकवणी, रविवारचे जादा वर्ग, घरचे ऑनलाइन तास. कात्री लावायची तर जिथे सर्वांत मोठ्याने बोलावे लागते आणि सर्वांत कमी पैसे मिळतात, त्या तासाला आधी लावा. ध्वनिवर्धक शाळा देईल याची वाट न बघता स्वतः घ्या, तो शिकवणीतही कामाला येतो. तपासणीसाठी सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग गाठा, तिथे खर्च नाममात्र असतो. पहिल्या तपासणीचा फोटो जपून ठेवा. आवाजोपचार सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्वरपट्ट्या पाहून घ्या आणि दोन्ही फोटो डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवा. गाठी ओसरत असतील तर हाच क्रम चालू ठेवायचा, आणि जराही फरक नसेल तर शस्त्रक्रियेबद्दल त्याच भेटीत विचारायचे.